उघडा कागद

पोस्टकार्डावर मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक हळवे असते. आजीचे थरथरते अक्षर, पोस्टमनची सायकल, ट्रंकेत जपलेली पिवळी कार्डे आणि शेवटी मोबाइलच्या नावाने बोटे मोडणे. या हळवेपणात एक मूळची गफलत आहे. आपण पोस्टकार्ड प्रेमपत्रांच्या कप्प्यात ठेवतो आणि ते त्या कप्प्यातले कधी नव्हतेच. मनातले, घरातल्या कुरबुरींचे, पैशाच्या अडचणीचे जे लिहायचे ते लोक पाकिटात घालत किंवा अंतर्देशीय पत्राला डिंक लावून मिटवून टाकत. कार्डावर उरे ते चारचौघांनी वाचले तरी चालेल असे, आणि पुष्कळदा चारचौघांनी वाचावे म्हणूनच लिहिलेले. माझे म्हणणे असे की पोस्टकार्डाची खरी किंमत त्याच्या स्वस्ताईइतकीच त्याच्या उघडेपणात आहे. ज्याच्यापाशी वकील नाही, वशिला नाही आणि तालुक्याला हेलपाटे घालायला दिवस मोकळा नाही, अशा माणसाला वरच्याशी लेखी आणि उजळ माथ्याने बोलण्याचे ते साधन होते आणि अजूनही आहे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. लेखी कागदाची दहशत काय असते ते या मुलखाने जितके जवळून पाहिले तितके महाराष्ट्रात थोड्याच भागांनी पाहिले असेल.

डिसेंबर १८७४ मधली गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या खातेदारावर दीडशे रुपयांच्या कर्जापोटी कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्याला घराबाहेर काढण्याची तयारी केली. गाव बिथरले. सावकारांच्या शेतात कुणी राबायचे नाही, त्यांचे पाणी भरायचे नाही, न्हाव्याने त्यांची हजामत करायची नाही, असा बहिष्कार पडला आणि आसपासच्या गावांत पसरला. पुढे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात असले तरी तेव्हा भीमथडी तालुक्यात होते आणि आजचा दौंड तालुका म्हणजे बव्हंशी जुनी भीमथडीच. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. जमावाला सावकाराचा जीव नको होता, त्याचे दप्तर हवे होते. रोखे, खते, हुकूमनामे मुकाट्याने हाती दिले की बहुतेक ठिकाणी लोक ते जाळून परत जात. अंगठा उठवलेल्या पण वाचता न आलेल्या कागदाने जमीन जाते, बैल जातात, घर जाते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या लेखी कागद ही वरून खाली येणारी वस्तू होती. तो कोर्टाकडून, सावकाराकडून, कचेरीकडून येई आणि त्याला उत्तर देण्याची सोय नसे.

या दंग्यांतून जो दख्खन शेतकरी कायदा निघाला तो १८७९ चा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो केला होता. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, मजकूर त्याला समजावा, भरलेल्या पैशाची पावती मिळावी, अशा तरतुदी त्यात होत्या. थोडक्यात, कागदाची भीती घालवायला सरकारने आणखी कागद आणले. त्याच वर्षी, १ जुलै १८७९ रोजी, हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड विक्रीला आले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. कार्डाची कल्पना ऑस्ट्रिया-हंगेरीतून आली होती, तिथे पहिले कार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले. टपाल खात्याच्या डोळ्यांसमोर भीमथडीचा कुणबी नव्हता, महसूल होता. तरी एकाच वर्षी या मुलखाच्या वाट्याला दोन तऱ्हांचे कागद आले आणि त्यांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्यावर शेतकऱ्याची सही किंवा अंगठा लागे, मजकूर दुसऱ्याचा असे. दुसरा कोरा होता. त्यावर काय लिहायचे ते लिहिणाऱ्याने ठरवायचे, दर ठरलेला, आणि ते ज्याच्या नावाने आहे त्याच्या दारापर्यंत पोचवणे ही सरकारची जबाबदारी. अर्थात सरकारनेही ही सोय स्वतःसाठी लगेच उचलली, १८८० मध्ये सरकारी कामाची वेगळी कार्डे निघाली. पण पुढे जे जबाबी कार्ड निघाले, जोडून आलेले दुसरे कोरे आणि आधीच दाम मोजलेले कार्ड, त्यात मला या साधनाचा सगळा स्वभाव दिसतो. उत्तराचा खर्चही मीच केला आहे, आता गप्प बसायला सबब नाही, असे ते नुसत्या आकारातून बजावते.

दर अंतरावर अवलंबून नसणे ही आज आपल्याला किरकोळ बाब वाटते. एकाच तालुकागटातल्या दोन गावांची उदाहरणे घेतली तर ती किरकोळ नाही. दौंड हे रेल्वेचे गाव. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग तिथून जातो, आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर ते जंक्शन झाले. शिरूर, म्हणजे जुन्या लोकांचे घोडनदी, पुणे-नगर रस्त्यावर आहे आणि आजही त्याला रेल्वे नाही. माल, माणूस, भाजीपाला या सगळ्यांचा खर्च या एका फरकाने बदलतो. कार्डाचा बदलत नाही. शिरूर तालुक्याच्या टोकाच्या टाकळी हाजीतून निघालेले कार्ड आणि दौंड स्टेशनासमोर टाकलेले कार्ड मंत्रालयापर्यंत एकाच दरात जाते. दौंड आणि शिरूर यांतला फरक पिनकोडमध्येही दिसतो. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. तीत दौंड शहराला ४१३८०१ हा क्रमांक मिळाला, म्हणजे ते बारामती, इंदापूर, सोलापूर यांच्या रांगेत गेले. त्याच तालुक्यातली केडगाव, यवत, पाटस ही गावे मात्र शिरूरच्या ४१२२१० प्रमाणे ४१२ मध्ये आहेत. तालुक्याची हद्द एक आणि टपालाची वाट दुसरी. लिहिणाऱ्याला यातले काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. मु. पो., ता., जि. एवढे लिहिले की त्याचे काम संपे.

रोजच्या वापरात या उघडेपणाचे नियम लोकांनी स्वतःच घालून घेतले. वर ‘श्री’, मग नात्याप्रमाणे तीर्थस्वरूप किंवा चिरंजीव, सा. न. वि. वि., इकडील क्षेम, पत्रास कारण की, आणि शेवटी लोभ असावा. या ठराविक घाटाची टिंगल करण्याची आपल्याकडे रीत आहे. पण चौदा सेंटिमीटर लांब आणि नऊ सेंटिमीटर रुंद जागेत, दुसऱ्याच्या हातून लिहून घेतलेले आणि तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचे पत्र असेल तर हा घाट फार उपयोगी. मायना ऐकताच कोण कोणाशी बोलत आहे ते कळते आणि ‘कारण की’ आले की ऐकणारा सावध होतो. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही कार्ड आले की ते कशाचे हे बाहेरून कळावे म्हणून खुणा होत्या. लग्नाच्या कार्डाला हळद-कुंकवाचे बोट, मृत्यूच्या बातमीला फाडलेला कोपरा. असे कोपरा फाडलेले कार्ड कित्येक घरांत वाचून झाल्यावर ठेवत नसत. सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना, उसाच्या तोडीची चौकशी, पाहुण्यांकडच्या जत्रेची तारीख, पंढरीच्या दिंडीत कोण कोण येणार याची जुळवाजुळव, मुंबईहून गावी येणाऱ्या माणसाने गाडीचा दिवस कळवणे, हे सगळे कार्डाने चाले. त्यातले काहीच गुप्त नसे. उलट पोस्टमनने वाटेत चार जणांना सांगितले तर काम हलके होई. हे चावडीवरचे बोलणे होते, फक्त ते दोन गावांच्या दरम्यान चाललेले. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांत गाण्यापेक्षा फर्माईश करणाऱ्याचे नाव आणि गाव ऐकू येण्याचे अप्रूप जास्त असे, आणि ती फर्माईशही कार्डावरच जाई. जाता जाता एवढेच, की ज्या दिवाळी अंकात हा मजकूर वाचला जात आहे त्या प्रथेचेही पोस्टकार्डाशी नाते आहे. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून पुढची कित्येक दशके संपादकाने लेख मागायचा, लेखकाने मुदत वाढवून मागायची आणि संपादकाने पुन्हा आठवण करायची, हा सगळा व्यवहार मुख्यतः कार्डांवर झाला.

आता पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप. हा उघडेपणा कोणाला परवडत होता? लिहिता-वाचता येणारा पुरुष, गावात प्रतिष्ठा असलेला, त्याने चारचौघांत वाचता येईल असे लिहिणे सोपे. सासरी नांदणाऱ्या मुलीने काय लिहावे? तिचे कार्ड सासऱ्याच्या हातून टपालात पडणार, माहेरी पोस्टमन वाचणार, म्हणून तिच्या सगळ्या कार्डांत ती सुखरूप असते. कार्डांचे गठ्ठे वाचून जुन्या काळच्या कुटुंबांविषयी मत बनवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे. सावित्रीबाई फुले यांचे १८६८ चे नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. गावाने जीव घ्यायला काढलेल्या एका ब्राह्मण तरुणाला आणि त्याच्याबरोबरच्या महार मुलीला त्यांनी कसे वाचवले ते त्यात आहे. तो मजकूर कार्डावर जाऊ शकला नसता, आणि कार्ड तेव्हा असते तरी त्यांनी तो त्यावर लिहिला नसता. उघड्या कागदाचा वापर बळी तो कान पिळी या न्यायानेही होतो. थकबाकीची सूचना मुद्दाम कार्डावर धाडणे म्हणजे कर्जदाराची गावभर दवंडी पिटणे. पोस्टकार्डावर बदनामीचा मजकूर लिहिला तर तो तिसऱ्या माणसाच्या नजरेस पडला असे धरण्याची वाट इंग्रजी कायद्यात शतकापूर्वीच पडली, ती याच अनुभवाने. हा सगळा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून निघते ते इतकेच, की खाजगी दुःखासाठी कार्ड निकामी होते. ज्या बोलण्याला साक्षीदार हवे असतात त्यासाठी ते निकामी ठरत नाही. आणि अक्षराचा प्रश्न म्हणाल तर तो कार्डाचा दोष नव्हता. दौंड तालुक्यातल्याच केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या मुलींना तिथे वाचायला शिकवले आणि छापखान्याचे कामही शिकवले. कागदाला घाबरणाऱ्या मुलखात मुलींच्या हाती खिळे देणारी ती बाई होती. कागद कोणाचा हे ठरते ते असे, त्यावर लिहिणारा हात कोणाचा यावरून.

साक्षीदार हवे असलेल्या बोलण्याचे सर्वांत मोठे उदाहरण न्यायालयातले आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सर्वोच्च न्यायालयाने साध्या पत्रालाही याचिका मानायला सुरुवात केली. तिहारच्या तुरुंगातून सुनील बात्रा या कैद्याने न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांना लिहिलेले पत्र हे त्यातले गाजलेले प्रकरण. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या कोठड्यांमधल्या स्त्री-कैद्यांच्या हालांविषयी पत्र लिहिले, ते याचिका म्हणून दाखल झाले आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल लागला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांची चौकशी स्त्री-पोलिसांच्या उपस्थितीत, अटक झाली की कायदेशीर मदत समितीला कळवणे, असे आदेश त्यातून निघाले. बारसे यांचे पत्र कार्डावर नव्हते, हे खरे. पण कोर्ट फी नाही, वकिलाचे वकालतनामे नाहीत, ठराविक नमुना नाही, अशा पत्राला राज्यघटनेच्या दारात उभे राहता येते हे एकदा मान्य झाले की सगळ्यांत स्वस्त पत्रालाही तो मान मिळतो. म्हणून या काळातल्या लोकहित याचिकांचा उल्लेख अनेकदा ‘पोस्टकार्डवरची याचिका’ असाच होत आला. पुढे पत्रांचा इतका पूर आला की १९८८ मध्ये न्यायालयाला कोणत्या विषयांची पत्रे घ्यायची याची यादी करावी लागली. दार पुन्हा थोडे लोटले गेले, पण बंद झाले नाही.

मग आज काय? रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या पोराच्या खिशात फोन आहे, त्याच्या आईच्या हातातही आहे. निरोप पोचवायला कार्ड लागत नाही आणि त्यासाठी कुणी रडू नये. तक्रारीसाठी ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ आहे, माहितीचा अधिकार आहे, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. या साधनांपुढे कार्ड फिके आहे, हा दुसरा आक्षेप. माझे उत्तर असे, की ही साधने विचारतात आधी आणि ऐकतात नंतर. विभाग निवडा, उपविभाग निवडा, मोबाइलवर आलेला अंक भरा. खडकवासल्याच्या कालव्याचे आवर्तन शेवटच्या शेतापर्यंत आलेच नाही, किंवा शाळेच्या वाटेवर बिबट्या दिसतो, हे सांगायला निघालेल्या माणसाने आपले म्हणणे आधी कचेरीच्या रकान्यांत बसवायचे, आणि ते बसत नसेल तर तक्रारच नाही. कार्डाला रकाने नाहीत. शिवाय ते टाकताना त्यावर टाकलेल्या गावाचा आणि तारखेचा शिक्का बसतो. तो पुसट असतो, कधी वाचताच येत नाही, पण वाचता आला तर कोण कुठून कधी बोलले याचा तो पुरावा असतो. अर्थात हातोहात अर्ज देऊन पोच घेणे याहून पक्के. पण दौंडहून जिल्हाधिकारी कार्यालय गाठायचे म्हणजे एक रोज बुडतो, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याने तो किती वेळा बुडवायचा? आवक बारनिशीत कार्डाला क्रमांक न देणारे कारकून आहेत हे कबूल. तो दोष कारकुनाचा आहे, आणि त्यावरचा उपाय कार्ड संपवणे हा नाही.

तिसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो बराचसा खरा आहे. पोस्टकार्ड मोहिमांचा आता तमाशा झाला आहे. जुलै २०२० मध्ये राज्यसभेतल्या शपथविधीच्या वेळी दिलेल्या घोषणेवरून वाद झाला. तेव्हा राष्ट्रवादी युवक काँग्रेसने ‘जय भवानी, जय शिवाजी’ लिहिलेली लाखो पत्रे सभापतींना पाठवण्याची मोहीम काढली. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनेच शाळकरी मुलांकडून पंतप्रधानांना ७५ लाख कार्डे लिहून घेण्याचा कार्यक्रम हाती घेतला, विषयही वरून ठरलेले. पहिल्यात सगळ्यांचे वाक्य एकच, दुसऱ्यात मुलांनी गृहपाठ केला. ज्या कागदावर मजकूर स्वतःचा असतो म्हणून तो सावकाराच्या रोख्याहून निराळा होता, तोच पुन्हा दुसऱ्याच्या मजकुराखालचा अंगठा झाला. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या साताऱ्यातल्या शाहूपुरी शाखेने पंतप्रधानांना एक लाख पत्रे पाठवण्याचा उपक्रम केला होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दर्जा मिळाला. त्या पत्रांमुळे तो मिळाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पाठीशी रंगनाथ पठारे समितीचा अहवाल होता आणि पुढ्यात विधानसभेची निवडणूक होती. तरी दशकभर पडून राहिलेल्या मागणीला कचेरीबाहेर जिवंत ठेवण्याचे काम अशा उपक्रमांनी केले, एवढे श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही. गठ्ठ्याला वजन असते, शब्द नसतो. निफाडच्या एका कांदा उत्पादकाने २०१८ च्या नोव्हेंबरात ७५० किलो कांद्याचे हाती आलेले १०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले. ती एकट्याची मनीऑर्डर देशभर पोचली, कारण आकडा त्याचा स्वतःचा होता. शिरूर-दौंडच्या कांदेवाल्यांना तो समजावून सांगावा लागला नसेल.

उरतो पैशाचा प्रश्न. कार्डाची किंमत १९७८ मध्ये १५ पैसे होती, १९९७ मध्ये २५, आणि गेली वीसहून अधिक वर्षे ती ५० पैशांवर थांबली आहे. (५० पैशांचे नाणे कायद्याने चालते, पण त्यात मिळणारी दुसरी वस्तू सांगा.) डाक विभागाच्याच अहवालांप्रमाणे गेल्या दशकाच्या उत्तरार्धात एका कार्डामागचा खर्च १२ रुपयांच्या घरात गेला होता. हा तोटा कशासाठी सोसायचा, असे हिशोबी माणसे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. तोट्याच्या नावाखाली सामान्य माणसाच्या लेखी व्यवहाराची साधने एकामागून एक आवरली गेली आहेत. पोस्टात टाकल्याचा दाखला देणारी स्वस्त सोय २०११ मध्ये गेली, तार २०१३ मध्ये, कागदी मनीऑर्डर २०१५ च्या सुमारास, आणि रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. प्रत्येक वेळी खात्याचा हिशोब बरोबर होता. पण या प्रत्येक साधनात ‘मी कळवले होते’ असे सिद्ध करण्याची थोडी सोय होती, आणि ती आता महाग झाली आहे. कार्डाचा सगळा तोटा सारखा नाही, हे खात्याला पूर्वीच कळलेले आहे. १९९० च्या दशकात दूरदर्शनच्या ‘सुरभि’ कार्यक्रमाला एका आठवड्यात १४ लाखांवर पत्रे आली. तेव्हा स्पर्धांसाठी वेगळे, दोन रुपयांचे कार्ड काढावे लागले, आज ते दहा रुपयांना आहे. छापील मजकुराच्या कार्डाचा दरही निराळा, सहा रुपये. म्हणजे एका नमुन्याचा गठ्ठा पाठवणाऱ्याकडून खर्चाच्या निदान निम्मे दाम घेण्याची आणि हाताने लिहिणाऱ्याला ५० पैशांत पाठवू देण्याची व्यवस्था आजही नियमांत आहे. पक्ष, संघटना आणि सरकारी कार्यक्रम यांच्या मोहिमांना तो छापील दर काटेकोर लावला, आणि मलठणच्या किंवा पाटसच्या टपालघरात मागितल्यावर साधे कार्ड मिळेल इतका साठा ठेवला, तर दर वाढवण्याची चर्चा पुढची दहा वर्षे करावी लागणार नाही.